अमेरिकेंतील गरीब मुलांच्या शाळांचें अनुदान : सनद आणि वहिवाट

सनदेंत काय लिहिलें आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट काय होती, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, हें जुन्या दफ्तरांशीं परिचय असणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. हाच भेद अर्वाचीन कायद्यासही लागू पडतो. त्याचें उदाहरण म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक अनुदान आम्ही येथें घेत आहों. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याचा पहिला भाग, ज्यास तिकडे ‘टायटल वन’ म्हणतात, तेंच हें अनुदान होय.

त्या देशाच्या राज्यघटनेंत शिक्षणाचा उल्लेखच नाहीं. शाळांचा खर्च मुख्यत्वें स्थानिक घरजमिनीवरील करांतून व संस्थानांच्या तिजोरींतून भागतो. त्यामुळें जेथें वस्ती गरीब, तेथें शाळाही बहुधा गरीब. मध्यवर्ती सत्तेनें शाळांकडे पूर्वीं पाहिलेंच नव्हतें असें मात्र नाहीं. १७८५ च्या जमीनविषयक ठरावानें प्रत्येक टाउनशिपच्या ३६ तुकड्यांपैकीं १६ व्या क्रमांकाचा तुकडा शाळेसाठीं राखून ठेविला होता. आपल्याकडील इनाम जमिनीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. गरीब मुलांच्या संख्येवरून रोख रक्कम वांटण्याची व्यवस्था देशभर सुरू झाली ती मात्र १९६५ त.

११ एप्रिल १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनीं टेक्सासमधील आपल्या बालपणच्या एकखणी शाळेजवळ, आपल्या पहिल्या शिक्षिकेस शेजारीं बसवून ह्या कायद्यावर सही केली. कायद्याची घडण लक्षांत घेण्यासारखी आहे. सरकारी मिळकतींमुळें ज्यांवर भार पडतो अशा शाळांस साह्य देणारा १९५० चा एक कायदा होता. त्यास जोड म्हणून हा भाग घातला. धर्मसंस्थांच्या शाळांस पैसा द्यावा कीं नाहीं, ह्या वादांत पूर्वींचे प्रयत्न अडकले होते. म्हणून साह्य शाळेस नसून मुलास आहे, असा पाया येथें धरिला. ज्या कुटुंबांचें वार्षिक उत्पन्न २,००० डॉलरांहून कमी, त्यांतील ५ ते १७ वर्षांचीं मुलें १९६० च्या खानेसुमारीवरून मोजावयाचीं, त्यांत सरकारी मदतीवर राहणाऱ्या कुटुंबांतील कांहीं मुलें मिळवावयाचीं, आणि त्या संख्येस संस्थानाच्या दर मुलामागील सरासरी खर्चाच्या निम्म्यानें गुणावयाचें, असें रकमेचें गणित होतें. पहिल्या वर्षाची तरतूद सुमारें १०० कोटी डॉलर होती. ह्या गणितांतच एक उणीव होती : ज्या संस्थानाचा खर्च मोठा, त्यास दर गरीब मुलामागें रक्कमही मोठी मिळे.

येथवर सनद झाली. वहिवाट उजेडांत आली ती हिशेबतपासनिसांच्या कागदांवरून. १९६९ मध्यें रूबी मार्टिन व फिलिस मॅक्लूर ह्यांनीं सरकारी लेखापरीक्षणाचे अहवाल आधारास घेऊन एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अनेक ठिकाणीं हा पैसा सर्व शाळांच्या नेहमींच्या खर्चांत मिसळून गेला होता, असें तींत दाखविलें आहे. दक्षिणेंत कांहीं ठिकाणीं तर गोऱ्यांच्या शाळांस स्थानिक पैशांतून जें आधींच मिळत होतें, तेंच काळ्या मुलांच्या शाळांस ह्या अनुदानांतून पुरविलें जात होतें. म्हणजे वरून पैसा आला, पण स्थानिक मंडळानें आपला हात तितकाच आंखडता घेतला. मूल होतें तेथेंच राहिलें. ह्यावर १९७० च्या दुरुस्तीनें दोन अटी घातल्या. अनुदान स्थानिक खर्चाच्या जोडीस यावें, त्याच्या जागीं येऊं नये, ही एक. आणि अनुदान घेणाऱ्या शाळेस स्थानिक पैशांतून मिळणाऱ्या सोयी इतर शाळांच्या तोडीच्या असाव्या, ही दुसरी.

कागद शोधणारानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९८१ च्या कायद्यानें ह्या अनुदानाचें नांव ‘चॅप्टर वन’ असें झालें व १९९४ त जुनें नांव परत आलें. मधल्या काळांतील दफ्तरांत जुन्या नांवानें शोध केल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं. पुढें २००२ व २०१५ ह्या सालांच्या कायद्यांनींही हें अनुदान चालूच ठेविलें. २०२४ च्या आर्थिक वर्षाची तरतूद सुमारें १,८४० कोटी डॉलर होती आणि तिची वांटणी चार निरनिराळ्या सूत्रांनीं होते.

कायद्याची प्रत कोणत्याही ग्रंथालयांत मिळते. परंतु पैसा मुलापर्यंत पोंचला कीं वाटेंत जिरला, हें शाळामंडळांच्या जमाखर्चाच्या वह्याच सांगतात. अशा वह्या रुक्ष म्हणून रद्दींत जातात. त्या जपून ठेवणें हें संग्राहकांचें काम आहे, असें आम्हांस वाटतें.