पाच लाखांचा फूटपाथ

क्षेत्रीय कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांच्या टेबलावर नागरिकांच्या अर्जांचा गठ्ठा होता. पुणे महापालिका 2006 पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. एका कामाची मर्यादा 5 लाख रुपये. माझा अर्ज दिला आणि परवानगी घेऊन छाननी बघत बसलो.

पहिला अर्ज सोसायटीच्या आतल्या रस्त्याचा. ‘जागा खासगी,’ म्हणून बाजूला. दुसरा ड्रेनेजच्या मोठ्या लाईनचा, तो मुख्य खात्याकडे. तिसरा बसथांब्यालगतच्या उखडलेल्या फूटपाथचा. इथं साहेब थांबले. ‘कुठून कुठपर्यंत, ते लिहायला हवं होतं,’ असं म्हणत त्यांनी टेप उचलला. मीही सोबत निघालो. लांबी, रुंदी, फुटलेले ब्लॉक, मधे आलेलं चेंबर, सगळं वहीत उतरलं. परत आल्यावर दरसूचीप्रमाणे एस्टिमेट: ब्लॉक, काँक्रीट, राडारोडा उचलणं, वर जीएसटी. रक्कम मर्यादेपलीकडे गेली. त्यांनी लांबी कमी केली, पण रॅम्प ठेवला, कारण समोर दवाखाना आहे आणि तिथं व्हीलचेअरवरचे पेशंट येतात. शहराचा प्राधान्यक्रम अशा खाडाखोडीतही ठरतो, आणि ती करणारा माणूस जागेवर जाऊन आलेला असणं फार महत्त्वाचं आहे.

पुढचा रस्ता ठरलेला: प्रभाग समिती, आयुक्तांचा मसुदा, स्थायी समिती, मुख्य सभा. पण मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. अंदाजपत्रक प्रशासकानं मांडायचं आणि प्रशासकानंच मंजूर करायचं. ‘आमच्या भागाला कमी का?’ असं सभागृहात विचारणारं कुणी नव्हतं, ही मला शहराची मोठी हानी वाटते.

तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. मिळकतकर, बांधकाम परवानगीचं शुल्क, जीएसटीपोटीचं अनुदान यांची जमा रेंगाळली की निविदाही रेंगाळतात. शिवाय वर्षाच्या मधे ‘वर्गीकरण’ होतं, म्हणजे एका कामाची रक्कम दुसऱ्याकडे वळते. आपत्तीत ते करावंच लागतं. पण ज्या छोट्या कामामागे कुणी उभं नाही, त्याचे पैसे सगळ्यात आधी वळतात.

म्हणून अर्ज भराच, जागा नेमकी लिहून भरा. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम शोधा, त्याचा बजेट कोड टिपून ठेवा आणि दिवाळीच्या आत क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा: निविदा निघाली का?