नेतृत्वशैली आणि कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान

ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम अधिक होते, त्याच्या हाताखालील माणसे समाधानी असलीच पाहिजेत, असे अनुमान व्यवहारात सर्रास काढले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नेतृत्वशैलीच्या प्रायोगिक अभ्यासास कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मोठी चालना दिली. अमेरिकेतील आयोवा येथे लहान मुलांच्या छंदमंडळांवर एकतंत्री, लोकशाही व अनिर्बंध अशा तीन पद्धतींनी वागणारे प्रौढ नेते नेमण्यात आले. २० पैकी १९ मुलांनी एकतंत्री नेत्यापेक्षा लोकशाही नेत्यास पसंती दिली. परंतु छंदमंडळात मुले आपखुशीने येतात. कचेरीत माणूस पोटासाठी येतो. म्हणून हा निष्कर्ष कचेरीस जसाच्या तसा लावता येत नाही.

या दृष्टीने नॅन्सी मोर्स व एव्हरेट रायमर यांचा १९५६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीतील कारकुनी कामाच्या चार समान शाखा त्यांनी निवडल्या. दोन शाखांत निर्णयाचा अधिकार खालच्या पातळीवर सोपविण्यात आला. कामाची पद्धत, मधल्या सुटीचा अवधी, उशिरा येणाऱ्यांविषयीचे धोरण इत्यादी बाबी कर्मचारी एकत्र बसून ठरवू लागले. उरलेल्या दोन शाखांत वरिष्ठांचे नियंत्रण अधिक कडक करण्यात आले. वर्षअखेरीस उत्पादकता दोन्हीकडे वाढली. एवढेच नव्हे, तर कडक नियंत्रणाच्या शाखांत ती काहीशी अधिक वाढली. समाधान मात्र पहिल्या दोन शाखांत वाढले व दुसऱ्या दोहोंत घटले.

या विसंगतीचे कारण कामाच्या स्वरूपात सापडते. शाखांकडे येणाऱ्या कामाचे प्रमाण ठरलेले असल्यामुळे उत्पादकता वाढविण्याचा मार्ग एकच होता : तेच काम कमी माणसांकडून करून घेणे. हुकमाने माणसे कमी करणे सोपे असते. आपल्याच सोबत्यांची संख्या आपण होऊन कमी करणे अवघड असते. ताळेबंदात लाभ दिसत असतानाच असंतोष साचत होता, आणि त्याची नोंद ताळेबंदात होत नव्हती.

यावरून शिस्त व समाधान परस्परविरोधी आहेत, असे मात्र समजू नये. एडविन फ्लाइशमन व एडविन हॅरिस यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारखान्यातील फोरमनांचे वर्तन दोन अंगांनी तपासले : हाताखालच्या माणसांविषयीची आस्था आणि कामाच्या आखणीवरील भर. ज्यांच्या ठायी आस्था पुरेशी होती, त्यांनी आखणी कडक केली तरी तक्रारी फारशा वाढल्या नाहीत. आस्थेचा अभाव असलेल्यांच्या बाबतीत मात्र आखणी सैल करूनही तक्रारी कमी झाल्या नाहीत. पुढे टिमोथी जज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातही समाधानाशी आस्थेचा संबंध आखणीपेक्षा अधिक दृढ आढळला. गटाच्या कार्यसिद्धीशी मात्र आखणीचा संबंध किंचित अधिक होता.

तात्पर्य, उत्पादन व समाधान या दोन स्वतंत्र राशी होत. एकीच्या मोजमापावरून दुसरीचे अनुमान करणे शास्त्रशुद्ध नाही. उत्पादनाचे आकडे चढते असतानाही कर्मचाऱ्यांना काय वाटते, हे अभ्यासकाने त्यांनाच विचारले पाहिजे.