पाण्याखालच्या गावांचा वाटाड्या

मुंबईच्या राणीच्या बागेत दगडी हत्तीपाशी शाळेची सहल क्षणभर थांबते, छायाचित्र काढते आणि पिंजऱ्यांकडे वळते. सोबत जाणता मार्गदर्शक असला तर मात्र तोच दगड बोलू लागतो. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याच्या खटाटोपात तो कोसळून भंगला. पुढे १९१४ मध्ये तुकडे जुळवून तो पुन्हा उभा करण्यात आला. मग शेजारचे भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आणि पलीकडचे गिरणगाव यांचे नातेही पाहणाऱ्याला उमगू लागते. महानगराचा इतिहास असा सांगणाऱ्याच्या मुखाने जिवंत राहतो.

हाच न्याय भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्दला लावून पाहावा. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. येथे येणाऱ्या विद्यार्थ्याला तेहतीस दरवाजे आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट सांगितले जाते. परंतु त्या पाण्याखाली कोणाची घरे, कोणाची देवळे आणि कोणाचे बाजार गेले, हे त्याला कोण सांगणार? भंगलेल्या हत्तीला कथेकरी लाभला. विस्थापित गावांनाही तो लाभावयास हवा.

वस्तुतः या परिसरात सांगण्यासारखे थोडे नाही. याच तालुक्याचे ठिकाण असलेल्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. दगडी कठड्यावरील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे कोरलेली आहेत. दिवाळी सरली की झाडीपट्टीत रात्रभर नाटके रंगतात. दंडार आणि खडी गंमत यांची परंपराही याच मातीतली.

या जलाशयावर आता जलपर्यटनाची योजना आखण्यात आली आहे. नावा आणि उपाहारगृहे यांवर खर्च होत असता, पुनर्वसित कुटुंबांतील तरुणांना मार्गदर्शनाचे शिक्षण देऊन नियमित मानधन देणे अवघड नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत स्मृती हेही भांडवलच होय; फरक इतकाच की, तिचा साठा वृद्ध माणसांसह संपत जातो आणि तो पुन्हा भरून काढता येत नाही. म्हणून त्या वृद्धांच्या आठवणी आजच नोंदवून घेतल्या पाहिजेत.

अशा फेऱ्यांनी मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न सुटणार नाहीत, हे खरे. त्यांवर पांघरूण घालण्यासाठी तर या फेऱ्या मुळीच नसाव्यात. उलट वाटाड्याने तेही प्रश्न निःसंकोचपणे मांडावेत. दान देणाऱ्याचे नाव दगडावर कोरून ठेवण्याची रीत वैनगंगेच्या काठाला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. ज्यांनी गावेच दिली, त्यांची नावे निदान सांगितली तरी जावीत.