ताक, गंजका खिळा आणि कढीपत्त्याचा रंग

कढीपत्त्याची पाने पिवळी पडू लागली की कुंडीत आंबट ताक ओतावे आणि बुंध्याशी दोन गंजके खिळे पुरावेत, हा सल्ला महाराष्ट्रातील घराघरांत इतका मुरला आहे की त्याचा पुरावा मागणे हेच औद्धत्य ठरते. आणि तो मागितलाच, तर ‘घरी करून पाहिले आहे, ताक घातले आणि महिन्याभरात झाड हिरवेगार झाले’ हे उत्तर ठरलेले असते. या उत्तरात ताकापेक्षा ‘आणि’ हे अव्ययच अधिक तपासण्याजोगे आहे, कारण एका घटनेनंतर दुसरी घडली एवढेच ते सांगते, ऐकणारा मात्र त्याचा अर्थ ‘म्हणून’ असा लावतो.

कढीपत्ता हे उष्ण हवामानात रमणारे झाड आहे. पुणे-नाशिकच्या थंडीत त्याची वाढ मंदावते, जुनी पाने पिवळी होऊन गळतात, आणि हवा तापू लागली की माघ-फाल्गुनात नवी पालवी आपोआप फुटते. पौषात ओतलेल्या ताकाला फाल्गुनातील पालवीचे श्रेय मिळते ते असे. शिवाय ताक घालणारा माणूस केवळ ताक घालून थांबत नाही: तो माती उकरतो, पिवळी पाने खुडतो, कुंडी उन्हात सरकवतो आणि एरवी विसरलेले पाणीही त्या आठवड्यात नेमाने देतो. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर त्यांपैकी नेमकी कोणती उपयोगी पडली हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही; तरीही याला प्रयोग म्हटले जाते, हे नवल.

खिळ्यामागील तर्क असा की लोह हा हरितद्रव्याचा घटक आहे. तो नाही. रिचर्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हरितद्रव्याच्या रेणूत मॅग्नेशियम असल्याचे दाखवले आणि वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील, विशेषतः हरितद्रव्यावरील संशोधनासाठी त्याला १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लोह त्या रेणूत नसते, मात्र तो घडवण्याच्या प्रक्रियेला ते लागते. दुसरे असे की मातीत लोहाचा तुटवडा क्वचितच असतो: कोकणातील जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्याच ऑक्साइडांचा आहे आणि दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीतही लोह भरपूर असते. अडचण असते ती ते विरघळण्याची. मातीची आम्लता वा अल्कता दाखवणारा अंक, म्हणजे सामू, एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते, आणि गंज हे तर फेरिक ऑक्साइडच आहे. चुनखडीच्या मातीत भरपूर, पण न विरघळणारे लोह असताना तिथे आणखी थोडे न विरघळणारे लोह पुरण्यात काय साधते?

ताकाची बाजूही मांडली पाहिजे. ताकातील लॅक्टिक आम्ल गंजातील थोडे लोह विरघळवू शकते, आणि ताकातील प्रथिने कुजून कुंडीला थोडे नत्रही मिळते. परंतु मातीतील सूक्ष्मजीव ते आम्ल लवकरच फस्त करतात, चुनखडी उरलेले आम्ल निष्प्रभ करते आणि विरघळलेले लोह पुन्हा साक्याच्या रूपात खाली बसते.

मुळात पिवळेपणा हा एक आजार नसून अनेक कारणांचे एकच दिसणारे रूप आहे, आणि ते कोणत्या पानांपासून सुरू झाले हे पाहिल्यास बरेचसे निदान तिथेच होते. नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवू शकते, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर प्रथम दिसते: नत्राची असेल तर पान सरसकट फिकटते, मॅग्नेशियमची असेल तर शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोह असे सहज हलवता येत नाही, त्यामुळे त्याच्या उणिवेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. शेतकरी उसावर ‘केवडा पडला’ म्हणतात तेव्हा बहुधा हेच चित्र असते.

ज्याला ताकाची परीक्षा खरोखर घ्यायची आहे, त्याने कढीपत्त्याऐवजी पुदिना घ्यावा, कारण एकाच पुदिन्याच्या काड्या खोचून तयार केलेली रोपे आनुवंशिकदृष्ट्या सारखी असतात. सहा सारख्या कुंड्यांपैकी तीनांना पातळ ताक आणि तीनांना तेवढेच साधे पाणी द्यावे. ही दुसरी तुकडी, म्हणजे तुलनेच्या कुंड्या, नसेल तर पहिलीला काही अर्थ नाही. कोणत्या कुंडीला काय द्यायचे हे नाणे उडवून ठरवावे, नाही तर टवटवीत रोपे नकळत ताकाच्या वाट्याला जातात; रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांच्या अनुभवातून १९३५ च्या आपल्या ग्रंथात अशा यादृच्छिक वाटपाचा आग्रह धरला तो याचसाठी. रंगाची नोंदही आठवणीवर किंवा मोबाइलच्या छायाचित्रावर सोडू नये, कारण कॅमेरा प्रकाशानुसार रंग स्वतःच बदलतो. निदान शेजारी पांढरा कागद ठेवून एकाच वेळी, एकाच प्रकाशात सर्व कुंड्या टिपाव्यात. भातासाठी हिरव्या छटांची पट्टी पानाशेजारी धरून नत्राची गरज ठरवतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

लोहाचा संशय असेल तर त्याहून सोपी चाचणी १८४३ पासून उपलब्ध आहे. फ्रान्समधील युझेब ग्री यांनी पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवले होते. आज हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून ते ताजे द्रावण संध्याकाळी काही कोवळ्या पानांना ब्रशने लावावे, शेजारच्या पानांना नुसते पाणी लावावे आणि साधारण आठवडाभर थांबावे. लावलेली पाने तेवढी हिरवी झाली तर उणीव लोहाचीच आहे. ही पाने फोडणीत घालू नयेत.

इतर समजुतींना एवढी जागा देण्याचे कारण नाही. पिवळे पान म्हणजे तहानलेले झाड, हे अर्धेच खरे, कारण जादा पाण्याने मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो तेव्हाही पाने पिवळीच पडतात. एप्सम मीठ सर्व झाडांना हिरवे करत नाही. मॅग्नेशियमची उणीव नसताना ते घातल्यास उलट पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो. कृष्ण तुळस सावलीत हिरवट दिसू लागली म्हणून रोपवाटिकेवाल्याने फसवले असे होत नाही, कारण तिचा जांभळा रंग देणारे अँथोसायनिन कमी उजेडात कमी तयार होते. जांभळ्या पानात हरितद्रव्य नसते असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी असे एक पान उकळत्या पाण्यात टाकून पाहावे: पाण्यात विरघळणारे अँथोसायनिन बाहेर पडते आणि त्याखाली झाकलेला हिरवा रंग उघडा होतो.