नववीची जागा कोणाच्या जबाबदारीची? (शाळांचे नियोजन : लेखांक 6)

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 6 ते 14 या वयोगटातील मुलांना, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत, शिक्षणाची हमी देतो आणि त्यासाठी शाळा उपलब्ध करून देण्याचे बंधन शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर घालतो. नववीच्या उंबरठ्यावर मात्र हे बंधन संपते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य आहे, त्यापुढचे शिक्षण ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड या महापालिका माध्यमिक शाळा चालवतात हे खरे, परंतु एखाद्या महापालिकेने त्या पुरेशा संख्येने काढल्या नाहीत तर तिला जाब विचारण्यास कायद्यात भक्कम आधार सापडत नाही. इंग्लंडमध्ये 1996 च्या शिक्षण कायद्यातील कलम 14 नुसार आपल्या क्षेत्रात प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही शाळा पुरेशा असतील हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरते. त्या तोडीची तरतूद महाराष्ट्रात नाही, आणि माध्यमिक जागांच्या टंचाईचे मूळ मुलांच्या संख्येपेक्षा या उणिवेत अधिक आहे.

माध्यमिक जागांचा अंदाज बांधणे हे वास्तविक शिक्षण-नियोजनातील तुलनेने सोपे काम आहे, कारण चार वर्षांनी नववीत येणारी मुले आज पाचवीच्या वर्गात बसलेली असतात आणि यू-डायस या शालेय माहिती प्रणालीत त्यांची शाळानिहाय नोंदही झालेली असते. एका इयत्तेच्या पटापैकी पुढच्या वर्षी वरच्या इयत्तेत किती मुले दिसतात, याचे गुणोत्तर मागील चार-पाच वर्षांसाठी काढले आणि ते आजच्या पटाला लावत गेले की नववीचा अपेक्षित पट हाती येतो. अंदाज याहून लांबचा हवा असेल तर जन्मनोंदीकडे वळावे लागते, आणि तेथे एक अडचण उभी राहते : जन्माची नोंद आईवडिलांच्या राहत्या गावी नव्हे, तर जन्म झाला त्या ठिकाणी होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आणि प्रसूतीसाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्याची गरज लक्षात घेता, केवळ या नोंदींवर विसंबणारा नियोजनकार शाळा चुकीच्या गावी मागेल.

राज्याची सरासरी तर याहूनही फसवी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या अपत्यांची अपेक्षित सरासरी, 1.7 आढळला, एवढ्यावरून मुले घटत असल्याने नव्या शाळांची गरज नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, तर त्याच काळात पिंपरी-चिंचवडची 10 लाखांवरून 17 लाखांवर गेली आणि तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांपर्यंत पोचला. कोकणातील रिकाम्या वर्गखोल्या घोडबंदरच्या किंवा वाकडच्या मुलाच्या उपयोगी पडत नाहीत. 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झाली नसल्यामुळे या स्थलांतराचे वाडी-प्रभागनिहाय चित्र गेल्या दशकाच्या आकड्यांवरूनच रेखाटले जात राहिले, ही नियोजनाच्या दृष्टीने फार मोठी हानी आहे.

उदाहरणादाखल एक लाख वस्तीचा नवा शहरी भाग घेतला आणि तेथे एकेका वयाची दीड हजार मुले धरली, तर नववी-दहावीसाठी 3,000 जागा लागतात. 40 मुलांची एक तुकडी या हिशेबाने त्या 75 तुकड्या होतात, आणि प्रत्येक इयत्तेच्या पाच तुकड्या असलेल्या सात-आठ शाळांत त्या सामावतात. दुबार पाळी, म्हणजे एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरी शाळा, चालवल्यास खोल्या निम्म्या पुरतात. मात्र प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदान यांच्या वाट्याचा वेळही मग निम्माच उरतो.

या शाळांसाठी भूखंड लागतात, आणि ते विकास आराखड्यातील आरक्षणातून मिळतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आराखडा मंजूर झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. शाळेचे आरक्षण हातचे गेले की भरवस्तीत तेवढी जमीन पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. बांधकाम परवानगीबरोबर घेतले जाणारे विकास शुल्क सार्वजनिक सोयींसाठीच असते, पण त्यातील ठराविक वाटा शाळेच्या जमिनीसाठी राखलेला नसल्याने तो पैसा बहुधा रस्ते आणि गटारांकडे वळतो. शाळेचे आरक्षण आधी संपादित करावे आणि मोठ्या गृहसंकुलांना परवानगी त्यानंतर द्यावी, हा क्रम कायद्यानेच ठरवून देणे आवश्यक आहे.

इमारतीपेक्षा मोठा आणि कधीही न संपणारा खर्च शिक्षकांच्या वेतनाचा असतो. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खाजगी संस्थांनी उचलला आणि शासनाने वेतन अनुदान देऊन त्यांना उभे ठेवले. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था हे त्या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण होय. पुढे नव्या शाळांना अनुदान देण्याचे धोरण आखडले, ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचा वर्ग निर्माण झाला, 2009 मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला, आणि 2012 च्या अधिनियमाने अनुदान न मागणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली. अशा शाळा जेथे शुल्क भरणारे पालक आहेत तेथेच निघतात, म्हणून एखाद्या प्रभागात कागदोपत्री जागा पुरेशा दिसत असतानाही घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला आठवीनंतर जागा नसते. जागा मोजताना तिचे शुल्क आणि माध्यमही मोजले पाहिजे. अनुदानित, मराठी माध्यमाच्या आणि शुल्क घेणाऱ्या जागांची एकत्र बेरीज करणारा तक्ता या मुलीबद्दल काहीच सांगत नाही.

विरळ वस्तीच्या भागात हिशेब वेगळा पडतो. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने 2009 मध्ये प्रत्येक वस्तीपासून 5 किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट ठेवले होते, परंतु सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यांत एका तुकडीइतकीही मुले नसतात. तेथे अहिल्याबाई होळकर योजनेतील मुलींचा मोफत एसटी पास आणि शाळेच्या वेळेला धरून येणारी गाडी हीच जागा निर्माण करते. ती फेरी बंद झाली तर शाळेचा पट वर्षभरात उतरतो, पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पदे कमी होतात, आणि परिवहन विभागाचा एक निर्णय शिक्षण विभागाच्या नकळत शाळेपर्यंत येऊन पोचतो. म्हणूनच माध्यमिक जागांची जबाबदारी जिल्हा पातळीवरील ज्या प्राधिकरणाकडे सोपवली जाईल, त्याला भूखंड आणि वेतन अनुदान यांबरोबर एसटीच्या वेळापत्रकावरही बोलण्याचा अधिकार द्यावा लागेल.