चारच्या आकड्याचे पक्षी

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे, पाचवी-सहावीच्या मुलांपुढे कोरा कागद ठेवावा आणि 'तुम्हांला हवे ते चित्र काढा' असे सांगावे. अर्ध्या घटकेत बहुतेक कागदांवर एकच देखावा उमटू लागतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या बेचक्यातून वर आलेला अर्धा सूर्य, सूर्याखालून नागमोडी वळणे घेत पुढे येणारी नदी, नदीकाठी एक झोपडी, झोपडीशेजारी वाकलेला माड आणि वर आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पाच-सहा पक्षी. रत्नागिरीच्या मुलाने माड काढला तर त्यात नवल नाही. परंतु ज्या मुलाच्या गावाभोवती दहा-दहा कोस डोंगराचा मागमूस नाही आणि ज्याने माड फक्त पुस्तकात पाहिला आहे, तोही अगदी हेच चित्र, हाच क्रम धरून, काढतो.

मराठवाड्यातील एका द्विशिक्षकी शाळेत मी काही काळ मुलांबरोबर बसलो होतो, तेव्हा चौथीतल्या एका मुलीचा असाच कागद पाहून तिला विचारले, "तुझ्या घरासमोर काय दिसतं गं?" ती म्हणाली, "हापसा हाय, अन् आमची शेळी." "मग ते का नाही काढलंस?" क्षणभर तिने माझ्याकडे असे पाहिले की, एवढी साधी गोष्ट या माणसाला कशी ठाऊक नाही, आणि म्हणाली, "सर, ते चित्रात नसतं."

आपल्या सार्वजनिक शाळांतील कलाशिक्षणाची अवस्था वर्णन करण्यास या उत्तराहून नेमके वाक्य मला अद्याप सापडलेले नाही. जे डोळ्यांना रोज दिसते ते चित्रात नसते आणि जे चित्रात असते ते कधी पाहिलेलेच नसते, अशी समजूत दहा वर्षांच्या मुलीच्या मनात इतकी दृढ होते, याचा अर्थ तिला चित्रकला शिकवली गेली नाही एवढाच नव्हे. कुणा मोठ्या मुलाकडून, कंपासपेटीच्या झाकणावरून, भिंतीवरल्या कॅलेंडरावरून तिने ती आपली आपणच शिकून घेतली आहे, आणि शाळेने त्या शिक्षणात कोणताही हस्तक्षेप केलेला नाही.

कलाशिक्षण म्हणजे चित्रकार निर्माण करण्याचा कारखाना, हा गैरसमज पालकांत आहे तसाच शिक्षणखात्यातही आहे. गणित शिकणाऱ्या शंभर मुलांतून एखादाच गणिती होतो, म्हणून उरलेल्या नव्व्याण्णवांचा गणिताचा तास फुकट गेला असे कोणी म्हणत नाही. चित्रकलेचा तास हा पाहण्याचा तास आहे. माझ्या लहानपणी आम्हांला चित्रकला शिकवणारे एक गुरुजी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर काहीही न काढता घरून आणलेला पितळी तांब्या हातात धरला आणि आमच्या डोळ्यांच्या रेषेत आणून विचारले, "तोंड केवढं दिसतं?" तांब्याचे तोंड नुसती एक आडवी रेघ झाले होते. मग त्यांनी तांब्या हळूहळू खाली नेला. रेघ उघडू लागली, लांबट झाली, फुगीर झाली आणि तांब्या जमिनीवर ठेवला तेव्हा जवळजवळ वर्तुळ झाली. घरात शंभर वेळा हाताळलेल्या त्या वस्तूचे तोंड आम्ही त्या दिवशी प्रथमच पाहिले. 'गोल आहे हे माहीत आहे' आणि 'गोल दिसत नाही, लांबट दिसते' यांतील अंतर ज्या मुलाला दहाव्या वर्षी उमगते, त्याला पुढे ऐकीव गोष्ट आणि स्वतः पाहिलेली गोष्ट यांतील अंतरही उमगण्याची शक्यता अधिक, असे माझे मत आहे.

ही तांब्या-लोट्याची चित्रकला आपल्या शाळांत आली ती इंग्रजी अमदानीत, आणि ती आली उद्योगधंद्याच्या दरवाजाने. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तेव्हा येथील कारागिरांना आरेखनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण द्यावे हा तिच्या स्थापनेमागील प्रमुख हेतू होता. आणि त्याच वळणाने मुक्तहस्त रेखाटन, वस्तुचित्र, नक्षीकाम, भूमिती हा क्रम इलाख्यातील शाळांत रुजला. आजही राज्याचे कला संचालनालय ज्या शासकीय रेखाकला परीक्षा घेते, त्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हीच नावे दिसतात. या परीक्षांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांत नाही. खेड्यातील एखाद्या मुलाच्या हाती या परीक्षेचे 'अ' श्रेणीचे प्रमाणपत्र पडले आणि त्याच्या जोरावर तो गावाबाहेर पडून कलाशाळेपर्यंत पोहोचला, असे किती तरी वेळा घडले आहे. माझी तक्रार निराळी आहे. परीक्षा आहे, परीक्षक आहेत, श्रेणी आहे, दहावीच्या निकालात त्या श्रेणीबद्दल मिळणारे वाढीव गुणही आहेत. मात्र त्या परीक्षेला बसण्याइतके शिकवणारा माणूस ज्या शाळेत नाही, अशा शाळेतील मुलाने काय करावे, याची तजवीज कोठेही नाही. ज्याच्या गावी किंवा तालुक्याला खासगी वर्ग आहे आणि ज्याच्या बापाच्या खिशात त्या वर्गाची फी आहे, तो परीक्षेला बसतो. गुणांचा लाभ सर्वांना खुला आणि शिकण्याची सोय मात्र काहींनाच, ही व्यवस्था सार्वजनिक शिक्षण या शब्दांना शोभणारी नाही.

शिक्षक का नाही, याचे उत्तर कायद्याच्या परिशिष्टात सापडते. २००९ च्या बालशिक्षणहक्क कायद्याने शाळेत किती व कोणते शिक्षक असावेत याचे कोष्टक घालून दिले आहे. पहिली ते पाचवीच्या कोष्टकात कलाशिक्षकाचा उल्लेखच नाही. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांकरिता किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण तेही जेथे पट शंभराच्या वर असेल तेथेच. आता हिशेब पाहावा. ज्या गावात प्रत्येक इयत्तेत वीस-पंचवीस मुले आहेत, तेथे सहावी ते आठवीचा पट साठ-पंचाहत्तरच्या पुढे जात नाही. म्हणजे आडगावच्या, वाडीवस्तीच्या, पाड्यावरच्या मुलाला कलाशिक्षकाचा हक्क कायद्यानेच मिळालेला नाही. जेथे पट पुरेसा आहे तेथे हे निदेशक मानधनावर आणि मुदतीपुरते नेमण्याचा प्रघात पडला. जो माणूस पुढच्या जूनमध्ये येथे असेल की नाही हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही, त्याने मुलाच्या हाताला वळण लावण्याचे तीन-चार वर्षांचे काम कसे हाती घ्यावे?

अनुदानित माध्यमिक शाळांत कलाशिक्षक पदविका घेतलेले चित्रकलेचे सर असत आणि काही ठिकाणी अजून आहेत. त्यांच्या दिवसाकडे जरा जवळून पाहावे. सकाळी दर्शनी फळ्यावर सुविचार व दिनविशेष, जयंती-पुण्यतिथीला रंगीत खडूंचे फलकलेखन, पाहुणे आले की स्वागताची पाटी, स्नेहसंमेलनाला रंगमंचाचा पडदा, वर्षाअखेर प्रमाणपत्रांवर सुंदर अक्षरांत नावे. आणि गणिताचे शिक्षक रजेवर गेले की त्या वर्गावर देखरेख. शाळेत सर्वांना हवासा वाटणारा हा माणूस आपल्या स्वतःच्या तासाला मात्र क्वचितच सापडतो. सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास इंग्रजीला जातो, आणि तो परत मागण्याची रीत नाही. अशा शिक्षकाच्या निवृत्तीनंतर त्याची जागा भरली जात नाही, ही तक्रार मुख्याध्यापकांच्या तोंडून मी अनेक वेळा ऐकली आहे.

संगीताची स्थिती याहून वाईट आहे, आणि तिच्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ज्या महाराष्ट्राच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणे सामान्य घरांच्या उंबरठ्यापर्यंत आणले, त्या महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत आज प्रार्थना ध्वनिक्षेपकावर लागते आणि मुले हात जोडून ती ऐकतात.

पैसा नाही, साहित्य नाही, ही सबब नेहमी पुढे केली जाते. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातला, वडील जंगलखात्यात. रानालगतच्या प्राथमिक शाळेत या मुलाचे चित्त ठरेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. पुढे नागपूर, मुंबई आणि पॅरिस असा प्रवास करून आलेल्या या चित्रकाराच्या उत्तरायुष्यात बिंदू हाच त्याच्या चित्रांचा केंद्रविषय झाला, आणि त्या ठिपक्याची आठवण रझांनी स्वतः आवर्जून सांगितली. मास्तरांपाशी साहित्य म्हणून एक भिंत होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या वर्ध्याचेच आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नयी तालीमची कल्पना आकारास आली. आणि शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली तयार झालेले देवीप्रसाद हे १९४४ मध्ये सेवाग्रामला येऊन जवळजवळ अठरा वर्षे तेथील मुलांना चित्रकला व कुंभकला शिकवत राहिले. मुलाचे चित्र हे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नसून त्याची स्वतःची भाषा असते, म्हणून मोठ्यांनी आपले नमुने त्याच्यावर लादू नयेत, हा त्यांचा आग्रह होता. आणि कला ही शिक्षणाची शोभा नसून पाया आहे, हेच त्यांच्या ग्रंथाचे शीर्षक आहे. जगाने वाचावा असा हा प्रयोग विदर्भातील एका खेड्यात झाला, परंतु आपल्या अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या किती जणांना देवीप्रसादांचे नाव ठाऊक असते, हा प्रश्न विचारताना मला खेद होतो.

आणि भिंतीविषयीच बोलावयाचे तर पालघर जिल्ह्यातील वारली पाड्यांवर जावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात. त्या परंपरेतून पुढे आलेल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज 'बोलक्या भिंती' या नावाखाली राज्यभरच्या शाळांवर वारली आकृत्या रंगवलेल्या दिसतात, पण बहुतेक ठिकाणी त्या रंगवतो बाहेरचा रंगारी, ऑइलपेंटने. मुलांना त्या भिंतीला हात लावण्याची मनाई असते. गेरू, चुना, काव, कोळसा, पळसाची फुले, नदीकाठची माती हे सारे गावात फुकट मिळते. ती एक भिंत, खालची तीन हातांची का होईना, मुलांच्या हवाली केली तर तिच्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम मागावी लागणार नाही.

कागदावर मात्र कलेचे दिवस पालटले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय आणि पूरक विषय अशी उतरंड नको, असे स्पष्ट म्हटले. बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक काढले, नववी-दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' हा विषय आला. ही पुस्तके मनापासून तयार केलेली आहेत. परंतु दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, त्यातच पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरायची, अशा स्थितीत पुस्तक फडताळात राहते आणि श्रेणीचा रकाना भरला जातो. धोरणाची खरी कसोटी वेळापत्रकात आणि पदांच्या मंजुरीत लागते. पटाची शंभराची अट शिथिल करून पाच-सहा लहान शाळांच्या केंद्राला मिळून एक पूर्णवेळ, कायम कलाशिक्षक द्यावा, तो आठवड्याचा एकेक दिवस प्रत्येक शाळेत जाईल. एवढी एक गोष्ट सरकारने केली तर बाकीच्या शिफारशींना अर्थ येईल.

सरकार करील तेव्हा करील. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, अशा वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, शाळा व्यवस्थापन समितीची पुढली बैठक चुकवू नये. तेथे वर्गाचे वेळापत्रक मागून घ्यावे, चित्रकलेचा तास कोणत्या वारी आहे ते पाहावे, आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा झाला हे गुरुजींना नव्हे, आपल्या मुलाला विचारावे. विचारण्याचा अधिकार आपणांस आहे. कायद्याप्रमाणे त्या समितीतील चार सभासदांपैकी तीन पालक असतात.