घरात पाणी शिरून गेल्यावर

पुराचे पाणी दोन दिवसांत ओसरते. भिंतीत शिरलेले पाणी मात्र महिनोन् महिने राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस फसतो. त्या न दिसणाऱ्या पाण्याविषयी आम्ही इथे सांगणार आहोत.

२०२५ चा सप्टेंबर महिना मराठवाड्यातला माणूस लवकर विसरणार नाही. पाऊस उघडेचना. जायकवाडी धरण भरलेले, वरून येणारे पाणी दांडगे. शेवटी धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागले. नदीकाठच्या कितीतरी गावांत ते शिरले. आमचे पाचोड काही गोदावरीच्या काठावर नाही. पण घरात पाणी यायला गोदावरीच लागते असे थोडेच आहे? गल्हाटी फुगते, ओढा उलटतो, गल्लीतले पाणी तुंबते, नाहीतर माळवद गळते. घर दगडामातीचे असले की शेवट एकच. भिंत भिजते.

आता ही भिंत आतून कशी असते ते पाहा. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड असते. बाहेरून दगडाचा एक थर, आतून दुसरा थर, आणि मधे माती नि दगडाच्या कपच्या. दगडाला दगड धरून ठेवते ती मातीच. माती कोरडी आहे तोवर ती पक्की असते. भिजली की तिचे लोणी होते. दगड जागच्या जागी दिसतात, पण त्यांना धरणारे कोणी उरत नाही. वर माळवदाचे ओझे असतेच.

म्हणून तर पुष्कळ भिंती पावसात पडत नाहीत, पाऊस उघडल्यावर पडतात. लोक म्हणतात, "काल एवढं पाणी होतं तेव्हा उभी राहिली, अन् आज ऊन पडल्यावर कशी काय पडली?" त्याचे कारण असे की वरचे पाणी हळूहळू खाली झिरपते आणि पायथ्याची माती सगळ्यांत जास्त भिजते. सगळा भार तर पायथ्यावरच. तेव्हा ऊन पडले, आभाळ निवळले, म्हणून लगेच घरात अंथरूण टाकू नये.

खालचे पाणी वरसुद्धा चढते. दिव्यात तेल खाली असते, पण वात टोकापर्यंत भिजते ना? भिंतीचे तसेच. पाणी गुडघ्याएवढे आले असेल, तरी ओल पुढे कमरेएवढी चढू शकते.

पाणी उतरले की पहिल्यांदा घराला बाहेरून एक फेरी घालावी. भिंतीला पोट आले आहे का? दोन भिंती जिथे मिळतात तिथे कोपरा उघडला आहे का? काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकते का? दगडांच्या सांदीतून माती भुरभुरते का? यातले एक जरी दिसले तरी त्या घरात निजू नका. शाळेत निजा, देवळाच्या सभामंडपात निजा, भावकीत कुणाकडे तरी निजा. त्यात कमीपणा नाही. वीज बाहेरूनच बंद करता आली तर करावी. पाण्यात उभे राहून, ओल्या हाताने खटक्याला हात लावू नये. तसे असेल तर वायरमनलाच बोलवा. आत शिरताना हातात काठी आणि उजेड असावा. साप-विंचवांचेही घर बुडालेले असते, ते आपल्या घरात आसरा घेतात. कुणाला चावलेच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचे औषध सरकारी दवाखान्यात मिळते.

घर साफ करायच्या आधी एक काम. कुणाच्या तरी मोबाइलवर घराचे फोटो काढून ठेवा. पाणी कुठवर चढले होते ती रेघ फोटोत आली पाहिजे. वहीच्या पानावर तारीख घाला आणि काय काय गेले ते लिहा : धान्य किती, भांडीकुंडी काय, कोणती भिंत पडली. तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा हा कागद हातात असावा. (त्यांच्या हुद्द्याचे नाव आता बदलले आहे, पण गाव त्यांना तलाठीच म्हणणार.) पूर्वी हे लिहायला दुसऱ्याच्या दारात जावे लागे. आता तुम्हाला लिहिता येते. पंचनाम्यावर अंगठा उठवण्याआधी तो वाचताही येतो. वाचाच.

मग गाळ काढावा. गाळ ओला आहे तोवरच निघतो, वाळला की दगड होतो. भिंतीला बाहेरून लागलेला गाळही ओढून टाका, कारण तो भिंतीला ओली घोंगडी पांघरतो. पण भिंतीच्या बुडाशी कुदळ मारू नका. भिजलेला पाया उघडा पडला की भिंत सरकते. पाण्याला वाट करून द्यायची ती भिंतीपासून तीन-चार हात लांबून. भिजलेल्या धान्याला बुरशी धरली असेल तर ते माणसाने खाऊ नये आणि जनावरालाही घालू नये. त्या बुरशीत विष असते. पिण्याचे पाणी उकळून घ्या आणि विहिरीत टीसीएल पावडर टाकायला ग्रामपंचायतीला सांगा.

आता खरी गोष्ट वाळवण्याची. इथेच बहुतेकांची घाई होते. पुढे दिवाळी दिसत असते. पाहुणे यायचे असतात. लेक माहेरी यायची असते. भिंतीवर ओलीचे डाग, गिलावा पडलेला, घर कसे भकास दिसते. मग माणूस उसनवारी करून सिमेंटच्या चार गोण्या आणतो आणि ओल्या भिंतीवर गिलावा मारून मोकळा होतो. घर छान दिसते. पण भिंतीतले पाणी आता जाणार कुठून? भिजवलेले हरभरे पिशवीत घालून तोंड आवळून ठेवले तर काय होते हे घरोघर ठाऊक आहे. भिंतीचेही तेच होते. आतली माती ओलीच राहते. सिमेंटच्या पाठीमागे भिंत वर्षभर कुजते. वरून काही दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात तीच भिंत एखाद्या रात्री लेकराबाळांच्या अंगावर येते. सिमेंट वाईट नाही. पण मातीच्या ओल्या भिंतीवर ते झाकणासारखे बसते.

बांधकामातल्या जाणकारांचा एक ढोबळ अंदाज आहे : भिंतीची एक इंच जाडी वाळायला सुमारे एक महिना लागतो. आपल्याकडे पाऊस गेल्यावर हवा कोरडी असते, ऊन चांगले असते, आणि भिंत दोन्ही अंगांनी वाळते. म्हणून थोडे लवकर होईल. तरी दसऱ्याला भिजलेली जाड भिंत दिवाळीला वाळत नाही. होळीपर्यंत धीर धरावा. मग दिवाळीला काय करायचे? चुना द्या. पातळ चुन्याने घर उजळ दिसते आणि चुन्यातून ओल बाहेर पडते. कळीचा चुना विझवताना मात्र तोंड लांब ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

वाळायला लागतो तो वारा. दिवसा दारे-खिडक्या उघड्या ठेवा. पेट्या, कणग्या, उतरंडी भिंतीपासून हातभर पुढे ओढा. पुष्कळ घरांत खालच्या अंगाला सिमेंटची पट्टी मारलेली असते. ती पट्टी आणि सुटलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत हलक्या हाताने काढून टाका. सगळ्या भिंती एकदम उघड्या करू नका, एक झाली की दुसरी घ्या. आणि भिंत लवकर वाळावी म्हणून दारे लावून आत शेगडी पेटवून ठेवू नका. बंद खोलीत कोळशाचा जो वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही. निजलेला माणूस निजलेलाच राहतो.

आपल्याकडे निदान ऊन तरी आहे. हिमालयापलीकडे लडाखात लेह नावाचे गाव आहे, समुद्रापासून साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिकडे वर्षाकाठी पाऊस अगदी थोडा, चार इंचांच्या आसपास. म्हणून तिथली घरे कच्च्या विटांची, आणि वर आपल्या माळवदासारखे मातीचे सपाट धाबे. २०१० साली ऑगस्टच्या ५ तारखेच्या रात्री तिथे ढगफुटी झाली. चिखलाचे लोट आले. दोनशेच्या वर माणसे गेली. जी घरे उभी राहिली ती भिजली, आणि वाळायला हातात दिवस किती? दोन-अडीच महिने. पुढे हिवाळ्यात तिथले पाणी गोठते. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, दहा भागांचे जवळजवळ अकरा भाग होतात. भिंतीत पाणी उरले असेल तर ते आतल्या आत फुगून भिंत फोडते. त्या लोकांना थंडीच्या आत भिंत वाळवावीच लागते. आपल्यामागे तशी थंडी लागलेली नाही. मग एवढी घाई कशाला करायची?

भिंत वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. वरचा पापुद्रा आधी वाळतो. त्यावर एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकच्या कागदाचा वीतभर चौकोनी तुकडा घ्या. चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला गच्च चिकटवा. एक दिवस आणि एक रात्र तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरले असेल तर भिंत अजून ओली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा लावा.

तशीच युक्ती भेगेची. पाचोडच्या आसपासची काळी जमीन भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा पडतात त्या यामुळेच. तिच्यावर पाया असेल तर घरही थोडे वरखाली होते आणि भिंतीला भेग जाते. भेग दिसली की ती लगेच बुजवू नका. तिच्यावर आडवी कागदाची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना खळीने घट्ट चिकटवा आणि पट्टीवर तारीख लिहा. पट्टी फाटली तर भिंत अजून हलते आहे. तिथे गवंड्याला बोलवा आणि तोवर तुळईखाली टेकू द्या. दोन महिने पट्टी धड राहिली तर भेग बुजवायला हरकत नाही. चार अक्षरांची ही तारीख घराच्या पहाऱ्याला बसते.

भिंत वाळल्यावर तुळया पाहा. तुळईचे टोक भिंतीत दडलेले असते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. आरी टोचून पाहावी. आरी लोण्यात गेल्यासारखी आत गेली तर सुताराला दाखवल्यावाचून वर कुणी चढू नये.

गिलावा मातीचाच करावा. मातीत भुसा मिसळून, पाणी घालून ती आठ दिवस कुजू द्यावी, मधून मधून तुडवावी. भुशामुळे गिलाव्याला भेगा कमी पडतात. वरून शेणामातीचे सारवण, नाहीतर चुना. भिंतीचा तुकडा पडला असेल आणि नवा रचायचा असेल, तर गवंड्याला सांगा की दर दोन फुटांवर एक लांब दगड आरपार घाल. असा दगड आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधतो. गवंडी म्हणेल, एवढे लांब दगड कुठून आणू? तरी आग्रह सोडू नका.

राहिले माळवद. ते गळले की आपण काय करतो? वरून आणखी दोन पाट्या पांढरी माती टाकतो आणि चोपतो. दरसाल थोडी थोडी. आज्याने टाकलेली, बापाने टाकलेली, आपण टाकलेली माती. असे करता करता माळवद हात-हातभर जाड होते. लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली फार मोठी संख्या अशाच जड माळवदांखाली आणि दगडामातीच्या भिंतींखाली दबली. भिजलेली माती तर कोरडीपेक्षाही जड. म्हणून उन्हाळ्यात, सगळे सुकल्यावर, आधी वरची जुनी माती फावड्याने उतरवा. दोन माणसांनी दोन बाजूंनी सारखी उतरवावी, एका कडेला ढीग करू नये. जाडी वीतभर राहिली की थांबा. मग वर नव्या पांढरीचा पातळ थर द्या आणि पन्हळाकडे उतार काढा. पन्हळ इतके पुढे काढा की पाणी भिंतीच्या अंगावरून न येता लांब पडेल. हे काम मृगाच्या आधी आटोपलेले असावे.